सोबतीला माई

माईंचा कुणावर विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, डॉक्टरवर नव्हता, कारखान्याच्या भोंग्यावरही नव्हता. भोंगा झाला की त्या दारात येऊन उन्हाकडे बघत आणि मगच वेळ झाली असं मानत. आणि गंमत बघा, अंबरनाथच्या त्या सगळ्या कॉलनीचा विश्वास होता तो नेमका याच बाईवर. कुणाच्या घरी लग्न ठरत असेल तर मुलाची माहिती काढायला माई. नवी कामवाली ठेवायची तर आधी माईंना दाखवायची. ज्या माणसात माईंना खोट सापडत नाही त्याच्यात ती नाहीच, असं बायका धरून चालत.

म्हणून तर नाटकाच्या तालमीला सोबत म्हणून माईंना बसवलं होतं.

तो काळच तसा होता. छप्पन साल. कॉलनीच्या क्लबात वर्षानुवर्षं नाटकं व्हायची, पण लुगडी नेसून पुरुषच उभे राहायचे. पुढं सरकारनं नाटकांच्या स्पर्धा सुरू केल्या आणि तिथं बायकांची कामं बायकांनीच करायला हवीत असं सगळ्यांना वाटू लागलं. मुली तर हव्यात, पण धाडणार कोण? पुरुषांच्या घोळक्यात, दिवेलागणीला, नाचायला? आयांनी एकच अट घातली. माई बसणार असतील तर धाडतो. मग हॉलच्या दाराशी माईंसाठी एक बाक आला. हातात जपमाळ, ओठांवर रामाचं नाव, आणि डोळे मात्र पुरुषमाणसांच्या हातांवर. ज्या दिवशी माईंना ताप येई त्या दिवशी तालीम बंद. सहा मुली होत्या, सहाही माईंच्या भरवशावर येत आणि माईंच्या मागून ओळीनं घरी जात.

नाच बसवायची ती पद्मजा, माईंची सून. सून म्हणजे विधवा सून. मुलगा विषमज्वरानं गेला तेव्हा पद्मजाचे भाऊ तिला न्यायला आले होते, आणि माईंनी दारात उभं राहून सांगितलं होतं, की ती इथं राहील, तिच्या केसाला धक्का लागला तर मला विचारा. मग पद्मजा शिकली, कॉलनीच्या शाळेत मास्तरीण झाली, शाळेमुळं दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. माईंना ती पोटच्या पोरीहून जास्त होती. पण हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. त्यांच्या मायेचा एकच प्रकार होता, राखण.

गेल्या गणपतीत पद्मजानं बसवलेले नाच बघायला मुंबईच्या एका नाटक संस्थेचे मालक पाहुणे म्हणून आले होते. जाताना ते पद्मजाला म्हणाले, "बाई, नाच बसवणाऱ्या आमच्याकडे आहेत. तुमची नजर सगळ्या रंगमंचावर फिरते. एक अख्खं नाटक स्वतःच्या नावावर बसवा, स्पर्धेत आणा. मी बघायला येतो. बरं उतरलं तर आमची दोन नाटकं तुमच्या हातात."

त्या दिवसापासून पद्मजाचा पाय जमिनीवर नव्हता. भात उतू जाई आणि तिचं लक्ष नसे. चुलीपुढं बसून ती डबे इकडून तिकडं सरकवत राही. हा डबा नायक, ही वाटी त्याची बहीण. माई बघत आणि काही बोलत नसत. मुंबईच्या माणसावर त्यांचा विश्वास नव्हता, हे काय सांगायला हवं?

पण खरा घोळ पुढंच झाला. क्लबाची नाटकं बसवायचे ते दिनानाथ. कारखान्यात पत्रा ठोकायच्या खात्यात कामाला, राहायला बदलापूरला, मांजर्लीत, नदीकाठी. दहा वर्षं दिग्दर्शनाची खुर्ची त्यांचीच. त्यांनी क्लबाच्या बैठकीत उठून शांतपणे सांगितलं, "यंदाचं नाटक पद्मजाबाई बसवतील. दिग्दर्शक म्हणून नावही त्यांचंच. मी हाताखाली राबेन."

माईंना बातमी कळली तेव्हा त्या गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"का?" त्यांनी पद्मजाला विचारलं.

"का म्हणजे?"

"दहा वर्षांची खुर्ची माणूस अशी उठून देतो होय? आपल्या भावाला कुणी देत नाही. तुला का दिली?"

"माझं काम त्यांना आवडतं म्हणून, माई."

"काम," माई म्हणाल्या, आणि पुन्हा सूप उचललं.

सुनेचं भलं होतंय याचा आनंद त्यांना झाला नव्हता असं नाही. झाला होता. पण आनंद झाला की माईंना भीती वाटे. कुणी कुणाला फुकट काही देत नाही, हे त्या वैधव्याच्या तीस वर्षांत शिकल्या होत्या. दिराने शेत कसायला घेतलं ते 'वहिनी, तुमच्या भल्यासाठी' म्हणूनच. तेव्हा दिनानाथाला काय हवंय, हे शोधून काढायचं त्यांनी ठरवलं. जपमाळ हातात राहिली, नाम मात्र त्या दिवसापासून सुटलं.

आणि शोधायला गेलं की सापडतंच. पहिल्याच आठवड्यात माईंना दिसलं, की दिनानाथ पद्मजाच्या फार जवळ उभा राहतो. इतरांशी बोलताना हातभर लांब. हिच्याशी बोलताना मान वाकवून, जवळजवळ खांद्याला खांदा. बरं, बोलताना डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. टक लावून. बाईमाणसाच्या तोंडाकडे असं कोण बघतं? ती दूर उभी असली की हात हलवून खुणा करते आणि हा गडी हसून मान डोलावतो. बाकी कुणाला त्या खुणांचा अर्थ लागत नाही. कधी ती त्याच्या दंडाला बोट लावते, आणि तो वळतो.

रात्री जेवताना त्यांनी सहज म्हणून विचारलं, "दिनानाथला बायको आहे ना ग?"

"आहे की. वेणू नाव त्यांचं. का?"

"काही नाही. विचारलं."

पद्मजानं त्यांच्याकडे नीट बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तेही माईंनी टिपलं. लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस तोंड कशाला मिटेल?

आता क्लबाचे सेक्रेटरी श्यामकांत. कारखान्यात ऑफिसर, बंगल्यात राहणारे, उन्हाळ्यातही गळ्यात टाय. बोलणं असं मऊ की लोणी परवडलं. बंगल्यातल्या बागेतला गवती चहा ते स्वतः माईंना आणून देत आणि वाकून नमस्कार करीत. माईंनी त्यांच्यावरही आधी संशय घेऊन बघितला होता. पण एका संध्याकाळी ते बाकाशेजारी येऊन हळूच म्हणाले, "माई, मी सेक्रेटरी, माझ्या तोंडून शोभत नाही. पण तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून मला काळजी नाही."

"म्हणजे तुम्हालाही दिसलं?"

"मी काहीच म्हणत नाही, माई. तुम्ही अनुभवी आहात."

झालं. माईंच्या संशयाला जो मान डोलावी तो माणूस माईंना खरा वाटे. एवढंच एक भोक होतं त्यांच्या कुंपणाला, आणि श्यामकांत साहेब नेमके तिथूनच आत आले. या साहेबांना स्वतःला कित्येक वर्षं ती खुर्ची हवी होती आणि दिनानाथापुढं त्यांची डाळ शिजत नव्हती, हे कॉलनीतली शेंबडी पोरंसुद्धा जाणून होती. माईंनाही ठाऊक होतं. पण त्या दिवसांत ते त्यांना आठवलं नाही.

नाटकात गौरी आणण्याचा एक प्रवेश होता, सहा मुलींचा. त्यांच्या लुगड्यांसाठी कापड घ्यायला पद्मजा, दिनानाथ आणि अर्थातच माई उल्हासनगरच्या कॅम्पात गेले. लष्कराच्या जुन्या बराकीत सिंधी लोकांनी दुकानं थाटली होती. टहिलराम नावाच्या दुकानदाराने ठाणामागून ठाण उलगडलं. तो दिनानाथाच्या पाठीकडून भाव सांगत होता आणि दिनानाथ दुसरीकडेच बघत होता, तसं पद्मजानं त्याच्या बाहीला धरून त्याला वळवलं. भर दुकानात. माईंच्या देखत.

टहिलराम कौतुकानं माईंना म्हणाला, "अम्मा, जोडी अच्छी है. बेटा-बहू को बोलो, माल पसंद करें, भाव की चिंता नहीं."

माईंच्या कानशिलात आग झाली. जे परक्या सिंध्याला एका नजरेत दिसतं ते उद्या कॉलनीला दिसणार. कापड घेतलं की नाही हेही त्यांना नंतर आठवेना. परतताना त्या दोघांच्या मध्ये चालल्या, आणि घरी येऊन पद्मजाशी एक शब्द न बोलता तडक श्यामकांत साहेबांच्या बंगल्यावर गेल्या.

"दिनानाथ तालमीत असेल तर मी बसणार नाही," त्या म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "कारण विचारतील, माई."

"माझ्या सुनेची अब्रू आहे. कारण मी सांगितलं नाही तर काय ते समजतील."

आणि समजले की. माईंना वाटलं होतं, न बोलता काम होईल. न बोलल्यानंच जास्त झालं. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा दिसला, मुली आल्या पावली परत गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत नळावर सगळ्यांना सगळं ठाऊक झालं होतं. माई उगीच उठायच्या नाहीत. माईंनी डोळ्यांनी बघितलं असणार. कुणी म्हणालं दंडाला धरलं, कुणी म्हणालं उल्हासनगरच्या दुकानात दोघं जोडीनं साड्या बघताना दिसली. दिनानाथानं ऐकलं आणि तो वाद न घालता तालमीला यायचा थांबला, तेव्हा माई पुन्हा बाकावर बसू लागल्या.

त्यानंतर साहेब माईंच्या घरी आले. गवती चहाची जुडी घेऊनच. पद्मजा आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"आता वातावरण निवळेपर्यंत," साहेब म्हणाले, "पद्मजाबाईंचं नाव दिग्दर्शक म्हणून पुढं आणणं बरं दिसायचं नाही. लोक नाही नाही ते बोलतायत. त्यांनी नाच तेवढे बसवावेत. दिग्दर्शनाची जबाबदारी नाइलाजानं मी घेतो. नाव माझं लावू."

माई म्हणाल्या, "पण संशय दिनानाथावर होता. तो गेला. पद्माचं नाव का काढायचं?"

"टाळी एका हाताची कशी म्हणतील लोक, माई? मी तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

तुमच्याच भल्यासाठी. दिराचेही शब्द हेच होते. ज्या माणसाला हवी होती त्याला खुर्ची मिळाली होती आणि ती उचलून दिली होती त्यांनीच. साहेब वाकून नमस्कार करून गेले.

"पद्मा," माई म्हणाल्या, "खरं सांग. काय होतं तुमच्यात?"

पद्मजा रडली नाही. ती समोर येऊन बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "माई, त्यांना ऐकू येत नाही."

"कुणाला?"

"दिनानाथांना. पत्र्याच्या त्या खात्यात वर्षानुवर्षं ठोकाठोक ऐकून कान गेलेत. डावा पूर्ण गेला, उजवा जातोय. तोंड दिसलं तर ओठांवरून समजतात. लांबून मी खुणा करते. पाठमोरे असले की हात लावावा लागतो. नाटक बसवणाऱ्या माणसाला संवाद ऐकू येईनात, म्हणून खुर्ची सोडली त्यांनी. दुसरं काही नाही."

माई म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस?"

"कारखान्यात कळलं तर त्यांना कामावरून काढतील. दोन लहान मुलं आहेत. त्यांनी मला शपथ घातली होती. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही चौकशी केली असती. खरंच बहिरा आहे का, म्हणून. चार ठिकाणी."

हे खोटं नव्हतं. माईंनी केलीच असती.

त्या रात्रीपासून पद्मजानं माईंशी बोलणं सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, शाळेत जायची, श्यामकांत साहेबांच्या तालमीला जायची, आल्यावर भिंतीकडे तोंड करून निजायची. डबे सरकवायचं थांबलं. माईंना ते जास्त लागलं.

रविवारी माई एकट्या गाडीत बसून बदलापूरला उतरल्या आणि विचारत विचारत मांजर्लीत गेल्या. दिनानाथ अंगणात वालाच्या मांडवाखाली उभा राहून शेंगा तोडत होता. वेणूनं माईंना ओळखलं. तिनं पाणी दिलं, पण 'या, बसा' म्हणाली नाही. तिचं तरी काय चुकलं?

माई ओट्याच्या कडेला टेकल्या. पदर तोंडावर, मान खाली. "दिनानाथराव, मी तुमच्यावर नको तो संशय घेतला," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. मला सगळं कळलंय. तुम्ही परत या."

काहीच उत्तर आलं नाही. वर बघितलं तर दिनानाथ ओशाळं हसत होता.

"माई," तो म्हणाला, "मान वर करा आणि पदर बाजूला घ्या. तोंड दिसल्याशिवाय मला कळत नाही."

आयुष्यात माईंनी कुणाची माफी मागितली नव्हती. मागायची वेळ आली तर निदान तोंड लपवता येतं, एवढी तरी सवलत माणसाला असते. तीही नव्हती. त्यांनी पदर काढला, मान वर केली आणि दिनानाथ ओठांकडे बघत असताना सगळं पुन्हा सांगितलं. दात पडलेल्या तोंडातून शब्द नीट निघेनात, म्हणून 'चुकलं' हा शब्द दोनदा सांगावा लागला.

दिनानाथ शेजारी येऊन बसला. "मी येणार नाही, माई. राग म्हणून नाही. मी आलो तर लोक म्हणतील, बघा, दोघांना राहवलं नाही. आणखी चिखल उडेल बाईंवर."

"मग तिच्या नाटकाचं काय?"

"गेल्या वर्षी तालमीत तिसरा अंक पडला होता. बाईंनी रातोरात सावरला, सहा मुली अशा उभ्या केल्या की लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. शाबासकी मला मिळाली. त्या टाळ्या मला ऐकूही आल्या नाहीत, वेणूनं सांगितलं म्हणून कळलं. तेव्हाच ठरवलं, पुढचं नाव त्यांचं. पण मी काय, खुर्ची तेवढी देऊ शकत होतो. मुली तुमच्यामुळं येतात. मुली नाहीत तर साहेबांना नुसत्या खुर्चीत बसून नाटक करता येईल का? आयांना सांगा. तुमचा शब्द खाली पडायचा नाही."

माईंना धीर आला. त्यांना वाटलं, शब्दानं बिघडलं ते शब्दानं दुरुस्त होईल. इतकी वर्षं त्यांच्या शब्दाला कुणी नाही म्हटलेलं नव्हतं.

कौसाबाई म्हणजे हिंदुराव मुकादमाची बायको, सहा मुलींतल्या एकीची आई. सातारकडची, आवाज खणखणीत, आणि माईंशी तिचं मुळीच पटत नसे, कारण कॉलनीत माईंच्या खालोखाल शब्द चालायचा तो हिचा. सोमवारी दुपारी तिच्या पडवीत सहाही मुलींच्या आया जमल्या होत्या. तक्रार चालू होती ती साहेबांचीच. त्यांनी सहा मुलींना फोटो काढायला उभं करतात तसं ओळीत उभं केलं होतं, आणि जमेना म्हणून गौरीचा प्रवेशच काढायला निघाले होते. पोरी घरी येऊन रडत होत्या. माईंना वाटलं, वेळ चांगली साधली.

त्यांनी उभ्यानंच सांगून टाकलं. दिनानाथाचं आणि पद्माचं काही नव्हतं. आपला गैरसमज झाला. कान गेल्याचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. एवढी एक गोष्ट त्यांनी पोटात ठेवली. "नाटक पद्माचं आहे. तिचं नाव लागलं पाहिजे. तुम्ही सगळ्यांनी साहेबांना सांगा, नाहीतर मुली धाडायच्या नाहीत."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकजण पुटपुटली, "आता सुनंला झाकायला बघतायत."

कौसाबाई तांदूळ पाखडत होती. ती थांबली. "माई, आमाला वाईच समजू द्या. त्या दिवशी तुमी बाकावरनं उठला. का उठला, तर काहीतरी बघितलं म्हणून. आज म्हणताय, काय न्हवतं. तवा खरं का आता?"

"आत्ता."

"मग तवा खोटं."

"गैरसमज झाला म्हटलं ना मी."

"गैरसमज कसला? तुमचा कधी होतोय व्हय गैरसमज? तुमी म्हणाला तो चोर, तो चोरच, आमी आजवर धरून चाललो." कौसाबाईचा आवाज चढला नव्हता, ती खरोखर कोडं सोडवत होती. "हे बघा. तुमी तवा खऱ्या असाल, तर तुमची सून वाईट, आणि तिच्या हाताखाली आमी पोरी कशा धाडायच्या? आणि तवा खोट्या असाल, सख्ख्या सुनंवर असलं किटाळ घेणाऱ्या असाल, तर तुमच्या भरवशावर तरी कशा धाडायच्या? दोन्हीतलं एकच धरता येतंय. तुमीच सांगा, कोन वाईट?"

माईंपाशी दुसरं होतं काय? ना दागिना, ना जमीन, ना मुलगा. माई म्हणाल्या म्हणजे खरं, एवढीच कमाई. आता म्हातारपणी नळावर बायका त्यांना वाट देत, त्यांच्यासाठी हंडा बाजूला घेत, ते तेवढ्यावरच. त्यांनी एकदा पद्माचा भिंतीकडे वळलेला चेहरा आठवला.

"मी वाईट," माई म्हणाल्या. "मी खोटं उठवलं."

"का म्हणून?"

"सून पुढं जाते, मी मागं राहते. पोटात दुखलं." हे खरं नव्हतं. पण यापेक्षा कमी काही सांगितलं तर बायकांना पटणार नाही, हे त्यांना चांगलं कळत होतं. संशय कशानं फिटतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? "दिनानाथ सज्जन आहे आणि माझी सून सोनं आहे. उद्यापासून मी त्या बाकावर बसणार नाही. कौसाबाई, तुम्ही बसा."

कौसाबाईनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बसते. पर एवढं वंगाळ वागला असाल असं वाटलं न्हवतं, माई."

"नाव पद्माचं लागेल ना?"

"पोरी जिच्या हाताखाली नाचतात तिचं लागंल. साहेबाचं का म्हणून लागंल?"

दुसऱ्या दिवशी कौसाबाई पाच बायकांना घेऊन क्लबात गेली. साहेब आधी मऊ बोलले, मग नियम काढले. कौसाबाई म्हणाली, "साहेब, गौर आणायला पोरी कुठनं येत्यात आन कुठं थांबत्यात, तेवढं आमाला आत्ता उभं करून दावा, मग तुमचं नाव लावा." साहेबांनी मुलींना दोनदा इकडून तिकडं हलवलं, टाय सैल केला, आणि शेवटी म्हणाले की पद्मजाबाईंनीच दिग्दर्शन करावं असं ते पहिल्यापासून म्हणत होते. जाहिरातीत नाव लागलं. दिग्दर्शन आणि नृत्य, पद्मजा. मुंबईचे मालक येतो म्हणाले.

माई घरी बसू लागल्या. तालमीच्या वेळेला त्यांना सुचत नसे. कौसाबाई बाकावर पेंगत तर नसेल ना, दाराकडे तिचं लक्ष असेल का, असले विचार छळत. विचारणार कुणाला? नळावर आता त्या गेल्या की बोलणं थांबे, हंडा कुणी बाजूला घेत नसे. एकीनं तर ऐकू जाईल असं म्हटलं, की असली सासू वैऱ्यालाही नको. माईंनी हंडा भरला आणि आल्या. चुलीपुढं मात्र डबे पुन्हा सरकायला लागले होते. पडवीत काय झालं ते पद्मजाला कुणीतरी सांगितलं असणार. एकदा तिनं माईंच्या ताटात न विचारता तूप वाढलं, इतकंच.

स्पर्धेचा प्रयोग कल्याणला होता. दुपारी चारला हिंदुरावांनी मिळवलेला ट्रक क्वार्टरांसमोर येऊन उभा राहिला. सामान चढलं, मुली चढल्या, त्यांच्या आया चढल्या, कौसाबाई सगळ्यांत पुढं बसली. पद्मजा शेवटी निघाली. उंबऱ्यावर ती थांबली, वाकून माईंच्या पाया पडली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा बोलली. "माई, चला. लुगडं बदला पटकन."

"मी कशाला?"

"माझं नाटक आहे. तुम्ही बघायचं नाही तर कुणी बघायचं? चला म्हणते ना."

ट्रकमधल्या बायका ऐकत होत्या. कुणीतरी म्हणालं, "त्या येणार असतील तर आमी उतरतो बाई. तिथं अजून काय उठवतील, नेम न्हाई." दोघी खरंच उठून उभ्या राहिल्या, एकीनं पोरीचा हातही धरला.

पद्मजानं वळून त्यांच्याकडे बघितलं. तिचा चेहरा लाल झाला होता. "त्या माझ्याबरोबर येतायत," ती मोठ्यानं म्हणाली. "ज्यांना उतरायचं असेल त्यांनी उतरावं. मी सगळ्यांना सांगते त्या दिवशी पडवीत माई का तसं..."

ते बाहेर पडलं तर दिनानाथाची नोकरी जाणार आणि पोरी ट्रकमधून उतरणार. माईंनी तिला पुढं बोलू दिलं नाही. दोन्ही हातांनी तिला उंबऱ्याबाहेर लोटलं, चांगलं जोरात, आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातली.

"माई, दार उघडा." पद्मजानं दारावर थाप मारली. "माई."

माई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कौसाबाईचा आवाज आला, "चला मास्तरीणबाई, उशीर हुतोय. म्हातारीला न्हाई यायचं तर ऱ्हाऊ द्या." मग बराच वेळ काही नाही. मग पायऱ्यांवरून उतरणारी पावलं, ट्रकची फळी लावल्याचा आवाज, आणि ट्रक सुरू झाला.